कापऱ्या हाताची कहाणी : मेंदूवरील एका सूक्ष्म शस्त्रक्रियेचा इतिहास

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन देण्यासाठी घरोघरी जाण्याचा परिपाठ आम्ही अनेक वर्षे सांभाळला आहे. या फेरीत एका घरी आमचे पाऊल नेहमी थोडे रेंगाळते. तेथील गृहस्थ सत्तरी ओलांडलेले. उभी हयात केळीच्या वाडीत गेलेली. काही वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात कापू लागला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर अशी फिरत की जणू ते अदृश्य जपमाळेचे मणी ओढीत आहेत. पुढे चाल मंदावली, चेहऱ्यावरचे भाव गोठले, आवाज खोल गेला. गावातल्या काहींनी प्रारंभी दारूचा संशय घेतला. ज्या माणसाने आयुष्यात पेल्याला हात लावला नाही त्याला ते ऐकून घ्यावे लागले. काहींनी नजर लागल्याचे निदान केले. खऱ्या रोगाचे नाव घरात यायला दोन वर्षे लागली : कंपवात, म्हणजेच पार्किन्सनचा आजार.

एके सायंकाळी त्यांचा थोरला मुलगा आमच्याकडे आला. मेंदूत तार बसवून हा कंप थांबवता येतो, असे त्याला कोणीतरी सांगितले होते. खर्च लाखांच्या घरात होता आणि वाडीचा रस्त्यालगतचा तुकडा विकण्याचा विचार घरात पक्का होत आला होता. त्याने दोन प्रश्न विचारले. "फादर, बाबांच्या डोक्याला भोक पाडायचं, हे देवाला चालेल का? आणि एवढं करून बाबा बरे होतील का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तत्काळ दिले. दुसऱ्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. गुरुविद्यालयात आम्ही तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो, वैद्यक नव्हे. परंतु प्रश्न विचारणाऱ्याला रिकाम्या हाती परत पाठवू नये, म्हणून आम्ही वाचन आरंभिले, जाणत्या डॉक्टरांना विचारले. त्या वाचनातून जो इतिहास हाती लागला तो आमच्या वाचक कुटुंबांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

रोगाला नाव मिळाले

कंप हा माणसाला पुरातन काळापासून ठाऊक आहे. आपल्याकडील आयुर्वेदाने त्याला वाताच्या विकारांत स्थान दिले. आधुनिक वैद्यकात मात्र त्याचे पहिले नेटके वर्णन १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने केले. त्याच्या छोट्या प्रबंधात अवघे सहा रुग्ण आहेत आणि त्यांतील काही तर त्याने केवळ रस्त्याने जाताना पाहिलेले. पुढे झुकलेली मान, घाईघाईची आखूड पावले, विसाव्याच्या वेळी कापणारा हात, हे सारे त्याने डोळ्यांनी टिपले. पुढे पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातील शार्को यांनी या आजाराला पार्किन्सनचे नाव दिले. १९१९ साली त्रेत्याकॉफ या तरुण संशोधकाने मृत रुग्णांच्या मेंदूंचा अभ्यास करून दाखवले की, मेंदूच्या मध्यभागातील एका काळसर पट्ट्यातील पेशी या रोगात झडून जातात. रोगाचा ठिकाणा सापडला. उपाय मात्र दूर होता.

कवटी उघडण्याचे दिवस

शरीराच्या अनावर हालचालींवर शस्त्राचा उपाय करण्याचे धाडस विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या व्हिक्टर हॉर्स्ली यांनी केले. वेड्यावाकड्या हालचालींनी त्रस्त झालेल्या एका मुलाच्या मेंदूच्या पृष्ठभागाचा हालचालींशी संबंधित भाग त्यांनी काढून टाकला आणि १९०९ साली त्याचा वृत्तांत जाहीर केला. हालचाली थांबल्या, पण हाताचे बळही कमी झाले. पुढील तीस वर्षे हाच व्यवहार होत राहिला : कंप घ्या आणि त्याच्या मोबदल्यात दुबळेपणा द्या.

मेंदूच्या खोल भागात हात घालणे तर निषिद्धच मानले जाई. तेथे जाणिवेचे अधिष्ठान आहे, तेथे शस्त्र लागले तर माणूस शुद्धीवर येणार नाही, असे मोठमोठ्या सर्जनांचे मत होते. १९३९ साली अमेरिकेत रसेल मेयर्स यांनी कवटी उघडून, मेंदूच्या पोकळीतून वाट काढत, त्या खोल भागातील एक गाठ छेदली. रुग्णाची शुद्ध हरपली नाही, कंप मात्र ओसरला. जुना समज खोटा ठरला. पण मेयर्स यांच्या प्रामाणिकपणाचीही येथे नोंद केली पाहिजे. पुढील रुग्णांत इतके मृत्यू झाले की, ही शस्त्रक्रिया सर्रास करण्याजोगी नाही, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. आपल्या यशापेक्षा रुग्णाच्या जिवाला मोल देणारा माणूस कोणत्याही शास्त्रात दुर्मीळच.

हद्दीच्या दगडावरून माप

कवटी न उघडता खोलवर कसे पोहोचायचे? याचे उत्तर हॉर्स्ली आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट क्लार्क यांनी १९०८ सालीच प्राण्यांपुरते शोधून ठेवले होते. डोक्याला एक धातूची चौकट घट्ट बसवायची आणि लांबी, रुंदी, खोली या तीन मापांनी मेंदूतील प्रत्येक बिंदूचा पत्ता ठरवायचा. जमिनीची मोजणी करणारा ज्याप्रमाणे हद्दीच्या दगडापासून माप धरतो आणि झाडाझुडपांत लपलेली सीमा अचूक सांगतो, त्यातलाच हा प्रकार. परंतु माणसाच्या कवटीचा आकार व्यक्तीगणिक बदलतो. कवटीवरून धरलेले माप आत चुकते. म्हणून हे यंत्र चाळीस वर्षे प्रयोगशाळेतच राहिले.

१९४७ साली फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात अर्न्स्ट स्पीगल आणि हेन्री वायसिस यांनी ही अडचण सोडवली. क्ष-किरण चित्रात दिसणाऱ्या मेंदूच्या आतील खुणाच त्यांनी हद्दीचे दगड म्हणून धरल्या. आता कवटीला लहानसे भोक पुरे झाले. त्यातून बारीक सुई नेमक्या जागी नेता येऊ लागली. दोनच वर्षांनी स्टॉकहोममध्ये लार्स लेक्सेल यांनी कमानीची सुटसुटीत चौकट तयार केली. तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही शस्त्रक्रियागृहांत वापरल्या जातात. याच लेक्सेल यांनी १९५१ साली शस्त्राऐवजी किरणांचे अनेक झोत एका बिंदूवर एकवटण्याची कल्पना मांडली आणि तिच्यातून पुढे गॅमा नाइफ हे यंत्र जन्मास आले.

एक चूक आणि तिचे फळ

या इतिहासात १९५२ सालची एक घटना मननीय आहे. न्यूयॉर्कमध्ये आयर्व्हिंग कूपर हे सर्जन एका कंपवाताच्या रुग्णावर जुन्या पद्धतीची शस्त्रक्रिया करीत होते. कंप थांबवण्यासाठी हालचालींचा मार्गच छेदायचा, असा त्यांचा बेत होता. त्याबरोबर हातापायांत दुबळेपणा येणार हे गृहीतच होते. मार्ग छेदण्यापूर्वीच एक छोटी रक्तवाहिनी फाटली. कूपर यांनी ती चिमट्याने बंद केली, पुढचे काम सोडून दिले आणि कवटी मिटवली. रुग्ण शुद्धीवर आला तेव्हा त्या बाजूचा कंप आणि ताठरपणा नाहीसा झालेला होता, आणि हातापायांचे बळ शाबूत होते.

रक्तपुरवठा तुटल्याने खोल भागातील एक छोटा प्रदेश निकामी झाला होता. तोच प्रदेश कंपाचे मूळ धरून बसला होता. यावरून कूपर यांनी आधी रक्तवाहिनी मुद्दाम बांधण्याचा, मग त्या जागी अल्कोहोल सोडण्याचा आणि पुढे अतिशीत द्रवाने ती जागा गोठवण्याचा मार्ग अवलंबिला. प्रत्येक वेळी लाभ मिळाला. काहींना वाचादोष, काहींना अर्धांग, काहींना मृत्यूही मिळाला. मेंदूत एकदा केलेली जखम परत घेता येत नाही, ही या सर्व पद्धतींची मूळ उणीव होती.

सर्पगंधा आणि खाजकुयली

यानंतर कहाणी अनपेक्षितपणे आपल्या मातीला स्पर्श करते. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या औषधात वापरले गेले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिच्या गुणांविषयी १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात लिहिले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. हे द्रव्य दिलेले प्राणी निपचित पडतात, असे दिसून आले. १९५७ साली स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी अशा निपचित सशांना लेव्होडोपा टोचले आणि ससे पुन्हा हालू लागले. मेंदूतील डोपामिन हे द्रव्य हालचालींसाठी अत्यावश्यक आहे, याचा हा पुरावा होता. त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

१९६० साली व्हिएन्नाच्या ओलेह होर्निकिएविच यांनी कंपवाताच्या मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिनचा दुष्काळ असल्याचे दाखवले आणि १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी हळूहळू मात्रा वाढवीत हे औषध देऊन अंथरुणास खिळलेली माणसे चालती केली. हेच लेव्होडोपा खाजकुयलीच्या बियांत असते. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी १९३७ सालीच ते तेथून वेगळे केले होते, आणि १९७८ साली मुंबईतील डॉ. अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी या बियांच्या चूर्णाचा कंपवाताच्या रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. म्हणून कोणी कुंपणावरची खाजकुयली खुडून खाऊ नये. मात्रा चुकली तर अपाय होतो.

गोळी आल्यावर सर्जनांची कामे जवळजवळ थंडावली. वाटले, प्रश्न सुटला. पण काही वर्षांनी गोळीचा अंमल अल्पकाळ टिकू लागला. गोळी चढली की अंग वेडेवाकडे डोलू लागे, उतरली की माणूस पुतळा होई. अनेक कुटुंबांत घड्याळ आणि गोळी यांच्यामध्ये आयुष्य अडकले. ज्यांनी हे घरी पाहिले आहे त्यांना अधिक सांगणे नलगे.

जखमेविना उपाय

१९८७ साली फ्रान्समधील ग्रेनोबल येथे आलीम-लुई बेनाबिद हे सर्जन जुन्याच पद्धतीने कंपाची शस्त्रक्रिया करीत होते. जागा जाळण्यापूर्वी तेथे थोडा विद्युत्प्रवाह सोडून, आपण नेमक्या ठिकाणी आलो आहोत ना याची खात्री करण्याचा प्रघात होता. मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत. म्हणून रुग्ण जागा असतो, केवळ कातडी बधिर केलेली असते आणि सर्जन त्याच्याशी बोलत असतो. प्रवाहाची स्पंदने सेकंदाला शंभराच्या आसपास नेली की हाताचा कंप थांबे. प्रवाह बंद केला की परत येई. पुष्कळ सर्जनांनी असे काही पूर्वीही पाहिले असेल. बेनाबिद यांनी मात्र त्यातून पुढचा प्रश्न विचारला : मग जाळायचे कशाला? तारच आत ठेवून प्रवाह चालू का ठेवू नये?

प्रश्नाला व्यावहारिक कारणही होते. दोन्ही बाजूंना जखम केली तर वाचा जाण्याचा धोका मोठा. म्हणून एका बाजूला जखम आणि दुसऱ्या बाजूला तार, असा मार्ग बेनाबिद आणि त्यांचे सहकारी पियेर पोलाक यांनी स्वीकारला. वेदनाशमनासाठी अशा तारा आधीपासून वापरात होत्याच. सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीची तार मेंदूत, तिची जोडणी कातडीखालून मानेवाटे, आणि गळपट्टीच्या हाडाखाली एक छोटी बॅटरी, अशी ही रचना. प्रवाह कमी-अधिक करता येतो, नको असेल तर बंदही करता येतो. कूपर यांच्या काळापासूनची मोठी उणीव येथे बहुतांशी भरून निघाली.

याच सुमारास अमेरिकेत दुसरे संशोधन चालू होते. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण एकाएकी पुतळ्यासारखे जखडले. चोरट्या मार्गाने तयार केलेल्या अमली द्रव्यातील एमपीटीपी नावाच्या विषाने त्यांच्या मेंदूतील तोच काळसर पट्टा जाळला होता, हे विल्यम लँगस्टन यांनी उघड केले. या विषाने कंपवात झालेल्या माकडांवर प्रयोग करून महलॉन डीलाँग आणि सहकाऱ्यांनी १९९० साली दाखवले की, सबथॅलॅमिक नावाचा, वाटाण्याहूनही लहान भाग शांत केला तर माकडे पुन्हा हालचाल करू लागतात. व्यसनात वाया गेलेल्या काही तरुणांच्या शोकांतिकेतून हजारो वृद्धांना दिलासा देणारे ज्ञान निघाले. १९९३ साली ग्रेनोबल येथे माणसाच्या याच भागात तार बसवण्यात आली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या पद्धतीला कंपासाठी १९९७ साली आणि पार्किन्सनच्या आजारासाठी २००२ साली मान्यता दिली. बेनाबिद आणि डीलाँग यांना २०१४ साली लास्कर पुरस्कार मिळाला.

आता तर भोकही न पाडण्याची पद्धत आली आहे. कवटीबाहेरून सुमारे हजार ध्वनिलहरींचे झोत एका बिंदूवर एकवटून ती जागा तापवली जाते. कोणत्याही ज्ञात रोगाशिवाय हात कापण्याच्या विकारासाठी तिला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली. गंमत अशी की, ध्वनिलहरींचा हा प्रयोग १९५०च्या दशकात फ्राय बंधूंच्या साह्याने प्रथम करून पाहणाऱ्यांत तेच रसेल मेयर्स होते. तेव्हा मात्र लहरींना वाट देण्यासाठी कवटीचा तुकडा काढावा लागे. या पद्धतीतही आतील जागा जळतेच, ती परत घेता येत नाही, हे विसरू नये.

आपल्या देशात

भारतात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. जेकब चांडी यांनी उभारला, याचा आपल्याला अभिमान वाटावा. पाठोपाठ मद्रासला डॉ. बी. राममूर्ती आणि मुंबईत डॉ. राम गिंडे यांनी काम सुरू केले. चौकट बांधून सुई नेण्याची कला मद्रासमध्ये विशेष वाढली. आशियातील पहिल्या महिला मेंदूसर्जनांपैकी एक असलेल्या डॉ. टी. एस. कनका तेथेच घडल्या. बंगळूरला डॉ. आर. एम. वर्मा यांनी गालातून सुई घालून, कवटीच्या तळाशी निसर्गतः असलेल्या छिद्रातून आत जाण्याची स्वतःची पद्धत बसवली. तार बसवण्याची शस्त्रक्रिया शतकाच्या अखेरीस मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी सुरू केली.

रोग आपल्याकडे किती, हेही पाहण्याजोगे आहे. मुंबईच्या पारशी वसाहतींतील सुमारे चौदा हजार लोकांची पाहणी डॉ. भरुचा यांनी केली आणि १९८८ साली प्रसिद्ध केली. तीत लाखामागे सुमारे ३२८ जणांना हा आजार आढळला. हा समाज वयाने वडीलधारा असल्याने आकडा मोठा आहे, हे खरे. पण आपल्या गावांतही आता वृद्धांची संख्या वाढत आहे.

हात आणि मन

आता त्या मुलाचा पहिला प्रश्न. देवाला चालेल का? आम्ही त्याला म्हणालो, आंधळ्याच्या डोळ्यांना मातीचा लेप लावणाऱ्या प्रभूला आजाऱ्यावरील उपचार अमान्य कसे होतील? परंतु इतिहास वाचल्यावर आमच्या ध्यानात आले की, त्याचा प्रश्न आम्हाला वाटला तितका भाबडा नव्हता.

स्पीगल आणि वायसिस यांनी चौकट बनवली ती मूळात मनोरुग्णांसाठी. पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९३५ साली मनोरुग्णांच्या मेंदूचा पुढचा भाग तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. १९४९ साली तिला नोबेल पारितोषिकही मिळाले. अमेरिकेत हजारो जणांवर ती झाली आणि कित्येक माणसे शांत झाली खरी, पण ती माणसे म्हणून उरली नाहीत. स्पीगल यांना ही क्रूरता कमी करायची होती. तीच सुई पुढे हालचालींच्या रोगाकडे वळली. आपल्या मद्रासमध्येही साठ-सत्तरच्या दशकांत अतिचंचल आणि आक्रमक मुलांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या. त्या डॉक्टरांचा हेतू दुष्ट होता असे आम्ही म्हणणार नाही. अनावर मुलाला घरात बांधून ठेवणाऱ्या आईबापांचे अश्रू त्यांनी पाहिले असतील. तरीही ज्या मुलाला विचारता येत नव्हते त्याच्या स्वभावावर सुई चालवावी का, हा प्रश्न उरतोच.

सप्टेंबर १९५२मध्ये, म्हणजे कूपर यांच्या त्या घटनेच्याच वर्षी, पोप पायस बारावे यांनी मज्जासंस्थेच्या अभ्यासकांच्या परिषदेपुढे रोममध्ये याच विषयाचा विचार मांडला. संपूर्ण माणसाच्या हितासाठी एखाद्या अवयवाचा त्याग करता येतो. परंतु रुग्ण स्वतः देईल तितकाच अधिकार डॉक्टरला असतो, आणि स्वतःच्या मनुष्यपणाची किंमत देऊन दुःखातून सुटका विकत घेण्याचा अधिकार रुग्णालाही नाही, असा त्या विवेचनाचा मथितार्थ आहे. सत्तर वर्षांनीही ही कसोटी जुनी झालेली नाही. तार बसवलेल्या काही रुग्णांत स्वभावाचे बदल, उदासी किंवा अनावर उतावीळपणा आढळतो, म्हणून आजचे चांगले डॉक्टर आधी मानसतज्ज्ञाकडून तपासणी करवून घेतात.

फेब्रुवारी १९८६मध्ये पोप जॉन पॉल दुसरे मुंबईत आले तेव्हा आम्ही शाळकरी वयाचे होतो. ताठ चालीचा, खणखणीत आवाजाचा तो पुरुष आम्हाला आठवतो. १९९९ साली ते दिल्लीला आले तेव्हा हात कापत होता, पाठ वाकली होती. २००५ सालच्या पुनरुत्थानाच्या रविवारी ते खिडकीशी आले, पण तोंडातून शब्द फुटला नाही. सहाव्या दिवशी ते देवाघरी गेले. कंपवात हा लपवण्याचा रोग नाही, एवढे तरी त्यांनी जगाला शिकवले. त्यांच्या मध्यस्थीने याच रोगातून बरी झालेली म्हणून ख्रिस्तसभेने जिची नोंद घेतली ती एक फ्रेंच धर्मभगिनी होती. प्रसूतिगृहात सेवा करताना तिचे हात तिला साथ देईनासे झाले होते. प्रार्थना की उपचार, असे आम्हाला कोणी विचारले तर आम्ही म्हणतो, तीही औषध घेत होती आणि प्रार्थनाही करीत होती.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर

बाबा बरे होतील का? इतिहासाचे उत्तर असे की, या शस्त्रक्रियेने रोग बरा होत नाही. पेशी झडतच राहतात. कंप, ताठरपणा आणि गोळीचे चढउतार यांना पुष्कळ उतार पडतो, औषधाची मात्राही कमी होते. परंतु कंपाचा अपवाद सोडला तर जे गोळीने सुधारत नाही ते सहसा तारेनेही सुधारत नाही. खोल गेलेला आवाज, तोल आणि स्मृती यांसाठी तिचा उपयोग नाही. आवाज तर कधी अधिकच बिघडतो. शंभरांत एखाद्-दुसऱ्या रुग्णाला मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो, काहींना जंतुसंसर्ग होतो. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते आणि तोही खर्च घराच्या हिशेबात धरावा लागतो.

हे सर्व घेऊन ते कुटुंब एका अनुभवी मज्जातंतुतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी वडिलांना चालवून पाहिले, चित्रे ओळखायला लावली, उलटे आकडे म्हणायला सांगितले. मग मुलाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले की, स्मृती ढळू लागली आहे, मुख्य त्रास तोल आणि आवाजाचा आहे; यांना तार बसवली तर लाभापेक्षा हानी अधिक. नंतर त्यांनी गोळ्यांच्या वेळा विचारल्या. बाबा गोळी दुपारच्या मासळीच्या जेवणाबरोबर घेत होते. मासळीतील प्रथिने आणि ही गोळी आतड्यात एकाच वाटेने आत जाऊ पाहतात आणि गोळी मागे पडते. गोळी जेवणाच्या तासभर आधी घ्यायला सांगितली, व्यायाम शिकवणाऱ्याकडे पाठवले. बाबा पूर्वीसारखे झाले नाहीत. पण दुपारचे दोन-तीन तास त्यांना पुन्हा आपले असे मिळू लागले. वाडीचा तुकडा विकावा लागला नाही.

मुलगा आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर समाधान नव्हते, अपराधीपणा होता. "फादर, पैशांसाठी मागे हटलो असं लोक म्हणतील." आम्ही त्याला मेयर्स यांची गोष्ट सांगितली. ज्याने सर्वप्रथम त्या निषिद्ध जागी पाऊल टाकले त्यानेच पुढे थांबण्याचा सल्ला दिला. शस्त्र केव्हा उचलू नये हे जाणणे हाही त्या विद्येचाच भाग आहे, आणि बापाला अकारण इजा होऊ न देणे हेही पुत्रधर्माचेच पालन आहे.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना आमची विनंती एवढीच. कापणारा हात दिसला की दारूची शंका घेऊ नका, मांत्रिकाकडे धावू नका, मज्जातंतुतज्ज्ञाला दाखवा. शस्त्रक्रियेची गोष्ट निघाली तर तीन प्रश्न विचारा : आमच्या माणसाचा कोणता त्रास कमी होईल? कोणता होणार नाही? आणि त्यांचे स्वतःचे म्हणणे काय आहे? ज्यांना ती योग्य आहे त्यांनी भिऊन मागे राहू नये; गेल्या शंभर वर्षांत पुष्कळांनी सोसले, काहींनी प्राण गमावले, तेव्हा कुठे ही सूक्ष्म वाट तयार झाली आहे.

गेल्या पहिल्या शुक्रवारी आम्ही त्या घरी गेलो तेव्हा बाबा खुर्चीत बसून होते. हात कापतच होता. पवित्र कम्युनियन घेतल्यावर त्यांनी तो डाव्या हाताने धरून ठेवला आणि हळू आवाजात, पण एकही शब्द न चुकता, आमच्याबरोबर प्रभूची प्रार्थना म्हटली.